विहीर खणणाऱ्या लहानूचा बाप्तिस्मा

प्रभूवर भार टाकून राहणाऱ्या जनहो, ही गोष्ट पिंपळदऱ्याची. त्या वर्षी चैत्रात, गावोगाव उपदेश करत फिरणाऱ्या हाबेलबाबांचा मुक्काम तिथल्या ख्रिस्ती वस्तीत, प्रार्थनामंदिराच्या पडवीत होता. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, बाबा नव्या माणसांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणार होते. विहिरी खणणाऱ्या लहानूनेही आपले नाव दिले होते.

हे त्याचे चौथे वर्ष. बाप्तिस्म्याआधी शांतवन गुरुजी प्रत्येकाला प्रश्न विचारत. गुरुजी मंडळीतले वडील. शास्त्र त्यांना मुखोद्गत. लहानूला पाठ काही होत नसे. ‘बाप्तिस्मा म्हणजे काय?’ या पहिल्याच प्रश्नापाशी तो घाम पुसत उभा राही, आणि गुरुजी त्याला परत पाठवत. आता दगडाच्या धुळीने त्याची छाती भरली होती. पुढचे वर्ष दिसेल याची खात्री नव्हती, आणि प्रभूचा म्हणवून न घेता मरायचे त्याच्या जिवावर आले होते.

शनिवारी सकाळी तो पुन्हा अडखळला. मंदिरामागची विहीर त्यानेच चाळीस हात खणली होती, तीही कोरडी. गुरुजी सर्वांदेखत म्हणाले, “डोक्यात अक्षर नाही, विहिरीत थेंब नाही. लहानू, तुला बुडवायचं तरी कशात?”

लोक हसले. बाबा हसले नाहीत. “पाणी देणारा कोण, ते तुम्हीच तर शिकवता, गुरुजी,” ते म्हणाले.

मग बघूनच येतो, असे म्हणत गुरुजी काठी टेकत विहिरीच्या पायऱ्या उतरले. ते तळाला पोहोचले आणि एका अंगाची दरड सुटली. खालच्या पायऱ्या गेल्या. धुरळा बसला तेव्हा गुरुजींचा पाय धोंड्याखाली अडकलेला दिसला, आणि वरून अजून माती ढासळत होती.

कोणी पुढे होईना. लहानूने कमरेला दोर बांधला. दुसरे टोक सत्तरी उलटलेल्या बाबांनी धरले. ते पाहून चौघांनी त्यांच्यामागे दोराला हात घातला. खाली उतरून लहानूने पहारीने धोंडा उचकटला. दोर एकच होता. कमरेचा सोडून लहानू तो गुरुजींना बांधू लागला.

“आणि तू?” गुरुजी पुटपुटले.

“तुमी व्हा वर. मला खालची सवय हाय.”

गुरुजी काठाला लागतात तोच उरलेली दरड कोसळली. हाका मारल्या; उत्तर आले नाही. बाबा गुडघ्यांवर आले. “प्रभू, चार वर्षं हा तुझ्या पाण्याची वाट पाहतो आहे,” एवढेच ते म्हणाले.

आणि तळातून खळखळ ऐकू आली! पहारीला दाद न देणारा खडक फुटला होता. पाणी चढले, पुरुषभर, मग दोन पुरुष, मग थेट वरच्या पायऱ्यांपर्यंत. आणि त्या गढूळ पाण्यावर, दोन्ही हात वर केलेला लहानू! बाबांनी मनगट धरून त्याला बाहेर घेतले. अंगावर ओरखडा नव्हता, आणि कित्येक महिन्यांनी तो छाती भरून श्वास घेत होता.

रविवारी पाणी निवळले. साऱ्या मंडळीसमोर बाबांनी स्वतः विचारले, “लहानू, बाप्तिस्मा म्हणजे काय?”

लहानू विहिरीकडे पाहत म्हणाला, “बाबा, खाली व्हतो तवा मेलोच व्हतो. वर आलो ते माज्या बळानं न्हाई. त्यानं आनलं. आता ह्यो जीव त्याचा.”

गुरुजी लंगडत पुढे आले. “याला विचारण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही,” ते म्हणाले. “बाबा, मला नुसती उत्तरं पाठ होती. मलाही पुन्हा बाप्तिस्मा द्या.”

“तो एकदाच होतो, गुरुजी. तुमचाही खराच झाला होता. कळला मात्र आत्ता.”

मग पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाबांनी लहानूला पाण्यात बुडवून वर काढले, आणि मंडळीच्या गाण्याने पिंपळदरा दुमदुमला. लहानू पायरी चढून आला. गुरुजींनी फेटा उतरवून काठावर ठेवला. खाली बसून ते आपल्या उपरण्याने त्याचे ओले पाय पुसू लागले, आणि पुसता पुसता त्यांचे मस्तक त्या पायांवर टेकले.