खणातला मान

फार जुनी गोष्ट आहे, मोबाइल फक्त बोलण्यापुरता होता तेव्हाची. शाल्मलीच्या घरी हातात धरून खेळायचा, रंगीत पडद्याचा व्हिडिओ गेम आला. टेबलाच्या खणात पडलेल्या जुन्या काळ्या-पांढऱ्या गेमला तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या पडद्यावर एकसुद्धा रंग नाही? तुमच्याशी खेळायचं तरी कोण!" म्हातारा नुसता हसला.

पुढं शाल्मलीच्या वाढदिवसाला बोटानं चालणारा, मोठ्या पडद्याचा गेम आला आणि रंगीत गेमची रवानगी त्याच खणात झाली. तो रडकुंडीला आला. "आजोबा, मी नको ते बोललो हो. आपण सगळे सारखेच," तो म्हणाला. म्हाताऱ्यानं सरकून त्याला शेजारी जागा करून दिली. दोघांची चांगली गट्टी जमली.

मग शाल्मलीला नवा मोबाइल मिळाला. त्यात सगळेच खेळ होते. एका दुपारी खण उघडला आणि मोठ्या पडद्याचा गेमही हुंदके देत आत येऊन पडला. म्हातारा त्याची समजूत घालू लागला.

रंगीत गेमला मात्र कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. तो ताठ होत म्हणाला, "इथं आधी आलेल्यांचा मान असतो. तू त्या कोपऱ्यात सरक."