पाणी उपसायचा डबा

“चाललंय ते बंद का करायचं, माई?”

मठापासून घाटापर्यंत नरहरीने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. मठाच्या प्रमुख असलेल्या माई नुसत्या ऐकत चालल्या होत्या. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या आणि समोरच्या धुक्याकडे बघत राहिल्या.

वैनगंगा दिसतच नव्हती. नुसता तिचा आवाज येत होता, झोपेत कुणीतरी कूस बदलावी तसा.

घाटाला दोन नावा बांधलेल्या होत्या. एक हिरवी, नवी. हल्ली सगळे तिनेच जात-येत. दुसरी जुनी, उन्हापावसाने काळी पडलेली.

“आज जुनी सोड,” माई म्हणाल्या.

“नवी आहे ना इथं.”

“जुनीची मला सवय आहे.”

नरहरी मनातल्या मनात खूश झाला. माई आपल्या बाजूच्या आहेत, असं त्याला वाटलं. त्याने हात धरून त्यांना नावेत बसवलं, दोर सोडला आणि वल्हं हातात घेतलं.

पलीकडच्या तीरावर मठाचं दारू सोडवण्याचं केंद्र होतं. एकोणीस वर्षांपासून तिथल्या माणसांची नोंद नरहरी कॉम्प्युटरवर ठेवत आला होता. कोण आलं, कुठल्या गावचं, घरी काय करून आलं, कुणाची क्षमा मागायची राहिली... माणसं रडत रडत सांगत आणि नरहरी खाली मान घालून टाइप करत असे. इथं सांगितलेलं इथंच राहील, असा माईंचा प्रत्येकाला शब्द होता. त्या शब्दावरच माणसं नदी ओलांडून येत.

नोंदीचा प्रोग्रामही नरहरीने स्वतःच बसवला होता. बारावीनंतर कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तकं वाचून शिकला. तालुक्यातली शिकलेली पोरं तो बघायला येत. तेव्हा नरहरी खुर्चीत जरा मागे रेलून बसे.

आणि आता कॉम्प्युटरच्या कंपनीने हात वर केले होते. या जुन्या सिस्टीमला यापुढे आधार नाही, नवी घ्या, असं त्यांनी वर्षभर आधी कळवलंही होतं. केंद्राच्या डॉक्टरबाईंनी नवा कॉम्प्युटर मागवला. दोन महिने तो खोक्यातच होता. खोकं नरहरीच्या टेबलाखाली होतं आणि तो त्यावर पाय ठेवून काम करत होता.

मठाचा एक रिवाज होता. दसऱ्याला जिची पूजा झाली ती वस्तू माईंनी सांगितल्याशिवाय हलवायची नाही. जुन्या कॉम्प्युटरची एकोणीस दसरे पूजा झाली होती. इतकी, की कुंकू आत जाऊन ‘स’चं बटण कायमचं तांबडं झालं होतं आणि दाबलं की जरा अडकत असे. डॉक्टरबाई हसून म्हणत, “नरहरीभाऊ, तुमचा देव सर्दीनं बेजार आहे.”

माई “राहू दे” म्हणाल्या की झालं. मग डॉक्टरबाईंनाही काही बोलता येणार नव्हतं.

नाव घाटापासून सुटली. मठाचा कळस आधी फिका झाला, मग उरलाच नाही. वर, खाली, चहूकडे एकच पांढरं. नाव पाण्यावर आहे की ढगात, तेही कळेना.

“आता सांग,” माई म्हणाल्या.

“जिल्ह्यात माझ्याइतकं ते मशीन कुणाला कळत नाही, माई.”

“असेल.”

“एक दिवस बंद पडलं नाही.”

“चांगलं आहे.”

“आवाजावरून सांगतो मी त्याला काय होतंय ते.”

“आणि तुला काय होतंय ते त्याला कळतं का?”

नरहरी हसला. माईसुद्धा हसल्या. ऐंशीच्या पुढे वय, पण हसल्या की आठ वर्षांच्या दिसायच्या.

मग त्यांनी बसल्या जागेखाली हात घातला. तिथून तेलाचा एक जुना, पोचे पडलेला डबा काढला. वाकून नावेच्या तळातलं पाणी त्यात भरलं आणि बाहेर ओतलं.

भरलं... ओतलं...

“हे काय, माई?”

“तू बोल. मी ऐकतेय.”

“कंपनीचं काय, त्यांना नवीन विकायचं असतं. चालत्या गाडीला खीळ घालायची नुसती.”

“हं.”

डबा भरला, रिकामा झाला.

“आधार नाही म्हणजे नक्की काय करत नाहीत रे ते?” माईंनी विचारलं.

“दर महिन्याला दुरुस्त्या पाठवायचे. आता नाही पाठवणार.”

“चालत्या वस्तूच्या दुरुस्त्या?”

“म्हणजे... चोर नवनवी वाट शोधत असतात ना. कुठं फट राहिली असेल, तर कंपनीवाले ती वेळेवर...”

नरहरी थांबला. त्याच्या तळपायाला गार लागलं होतं.

त्याने खाली पाहिलं. त्याची एक चप्पल पाण्यावर तरंगत होती आणि हळूहळू माईंकडे निघाली होती.

माईंनी ती बाजूला सारली आणि डबा भरला.

“माई, नाव गळतेय.”

“लहानू धीवर दर होळीला हिच्या फटी बुजवायचा. काथ्या ठासायचा, वर राळ लावायचा. आता लेकाकडे राहायला गेला. हात थरथरतात त्याचे. वर्षभर आधी सांगून गेला होता बिचारा.”

“मग ही पाण्यात कशाला घातली?”

“चालतेय ना,” माई म्हणाल्या.

 धुकं नरहरीच्या मिशांवर थेंबाथेंबाने साचत होतं. दूर कुठेतरी एक पाणपक्षी ओरडला आणि गप्प झाला.

“आणा तो डबा. तुम्ही नका वाकू.”

माईंनी डबा दिला. नरहरीने वल्हं आडवं ठेवलं आणि उपसायला लागला. तो मेहनती माणूस होता. भराभर उपसत होता. पाणी कमी होत होतं, पुन्हा तेवढंच होत होतं. माई नावेच्या काठावर हात ठेवून डोळे मिटून बसल्या होत्या. मुलाला थोपटावं तशी त्यांची बोटं लाकडावर हलत होती.

उपसता उपसता नरहरीच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं.

“माई, गेल्या सोमवारी एक झालं.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“मी चहा घेत होतो. हात कशालाच लागला नव्हता. पडद्यावरचा बाण आपला आपणच सरकला.”

“कुठं?”

“नावांवरून. एकेका नावावरून खाली खाली... हळू. कुणी बोट लावून वाचावं तसा.”

डबा त्याच्या हातात अर्धवट भरलेला राहिला.

“मी इंटरनेटची वायर उपटली. मग कुणाला सांगितलं नाही.”

“काहून?”

“सांगितलं असतं तर त्याच दिवशी उचललं असतं ते मशीन.”

माईंची बोटं थांबली.



“कुणाची नावं होती रे?”

नरहरीला ती सगळी दिसली. यादीत नव्हती, समोर उभी होती. लेकीचं मंगळसूत्र विकून प्यायलेला मास्तर. दोनदा पळून जाऊन तिसऱ्यांदा स्वतःहून आलेला टांगेवाला. भावाला मारल्याचं नऊ दिवसांनी बोललेली ती दांडगी बाई, जी आता गावात अंगणवाडी चालवते. सगळी धुक्यात गुडघाभर पाण्यात उभी होती आणि त्याच्याकडे नाही, माईंकडे बघत होती.

“तुमच्या शब्दावर आलेल्यांची,” तो म्हणाला.

त्याच वेळी केंद्राची सकाळची घंटा वाजली.

ती समोरून वाजायला हवी होती. वाजली मागून.

नरहरीने दचकून मान वळवली. धुक्यात जरा फट पडली होती. केंद्राचा घाट, त्यावरचा पिंपळ, पिंपळाखाली उभी असलेली दोन माणसं, सगळं वरच्या अंगाला राहिलं होतं. नाव प्रवाहाबरोबर केव्हाच खाली वाहत आली होती.

“वल्हं कुणाकडे आहे?” माईंनी विचारलं.

वल्हं आडवं पडलं होतं, त्याने ठेवलं होतं तसंच.

त्याने डबा खाली टाकला, वल्हं उचललं आणि प्रवाहाच्या उलट जोर लावला. खांदे भरून आले. माई वाकल्या, डबा उचलला आणि पुन्हा शांतपणे उपसू लागल्या.  घाट जवळ येईपर्यंत दोघांची वस्त्रं गुडघ्यापर्यंत भिजली होती.

पिंपळाखालची बाई पायरी उतरून खाली आली. तिच्यामागे तिचा नवरा होता, चेहरा पदराआड लपवता आला असता तर लपवला असता असा. आज त्याचं नाव लिहायचं होतं.

नरहरीने दोर खुंट्याला बांधला. माईंना उतरवलं. मग ओल्या पायरीवर त्यांच्यासमोर उभा राहिला.

“आज याचं नाव वहीत लिहितो,” तो म्हणाला. “सोमवारचं डॉक्टरबाईंना आत्ताच सांगतो. ज्यांची नावं होती, त्यांनाही सांगायला लागेल.”

“हं.”

“दुपारी खोकं उघडतो. तुम्ही फक्त जुनं हलवायला हो म्हणा.”

“हो.”

इतकं सोपं होतं ते. नरहरी तरी जागचा हलला नाही. त्याचा आवाज बारीक झाला.

“माझा प्रोग्राम नव्यात चालत नाही, माई. त्यातलं मला काही येत नाही. ती कालची पोरं मला शिकवणार... मग मी तिथं बसून करू काय?”

माईंनी नावेकडे पाहिलं. तळात पुन्हा पाणी चढत होतं. त्यात त्याची ती एक चप्पल संथपणे फिरत होती.

त्यांनी पोचे पडलेला डबा पदराने पुसला, आतून आणि बाहेरून. दोन्ही हातांनी नरहरीच्या हातात ठेवला.

“सांभाळून ठेव,” त्या म्हणाल्या. “नव्या नावेतही लागेल. आणि उपसणाराही.”