गोलासमोरची रेघ

इंग्लंडातल्या एका खाणीच्या गावात दोन गोलरक्षक राहत होते. गावात क्लब एकच, आणि क्लबाला गोलरक्षक लागणार एकच. म्हणून एक खेळायचा आणि दुसरा वाट बघायचा. खेळायचा तो विल्फ हॅस्लम. वाट बघायचा तो एर्नी क्रॉशॉ. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती, आणि शनिवारी दुपारी फुटबॉल बघायला सगळं गाव लोटायचं.

दोघं लहानपणापासूनचे मित्र. एकाच खाणीत उतरलेले, एकाच माळावर चेंडू अडवायला शिकलेले. खरं सांगायचं तर एर्नी काही कच्चा नव्हता. पण विल्फ जरासा सरस होता, आणि नेमकं ते 'जरासं' एर्नीच्या घशाखाली उतरत नव्हतं. मासेवाल्यानं विल्फला मोठा तुकडा दिला की एर्नीचा घास कडू व्हायचा. त्या काळी सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची चित्रं येत. एक दिवस विल्फचं चित्र आलं, आणि एर्नीच्याच बायकोनं ते कौतुकानं चुलीवरच्या फळीवर मांडलं.

"घरचाच माणूस ना आपल्या," एडिथ म्हणाली.

त्या दिवसापासून एर्नी फळीकडे पाठ करून जेवू लागला. दर शनिवारी तो विल्फसाठी टाळ्या वाजवायचा आणि मनात म्हणायचा, आज तरी याच्या हातून चेंडू सुटू दे. विल्फच्या हातून तो काही सुटायचा नाही.

त्या क्लबाचा एक रिवाज होता. गोलरक्षकाची पाठ खांबांकडे असते. आपण मधोमध उभे आहोत की एका बाजूला सरकलो आहोत, हे त्याला चटकन कळत नाही. म्हणून दोन्ही गोलांच्या बरोबर मध्यापासून पुढे, बुटाच्या टाचेनं मातीत एक रेघ ओढत. पायाखाली रेघ दिसली की दोन्ही खांब सारख्याच अंतरावर आहेत असं समजायचं. ही रेघ सामन्याच्या सकाळी राखीव गोलरक्षकानं मारायची आणि खेळणाऱ्यानं तिच्यावर विश्वास ठेवायचा. एर्नीनं मारलेली रेघ विल्फनं कधी मापून पाहिली नव्हती.

हिवाळ्यात एकदा बातमी आली की इंग्लंडच्या संघासाठी खेळाडू निवडणारे गृहस्थ या शनिवारी सामना बघायला येणार आहेत. सगळं गाव विल्फची पाठ थोपटू लागलं. एर्नीनंही थोपटली.

शनिवारी सकाळी तो एकटाच मैदानावर गेला. माती ओली होती. त्यानं नेहमीसारखा मध्य शोधला, क्षणभर थांबला, आणि हातभर डावीकडे सरकून टाच रोवली. रेघ चांगली खोल मारली. मग समोरच्या गोलापुढेही तेच केलं. काम झाल्यावर कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटलं. घरी जाऊन तो पोटभर जेवला, आणि त्या दिवशी चित्राकडे तोंड करून जेवला.

दुपारपर्यंत असा बोचरा वारा सुटला की मैदान दगडासारखं गोठलं. एर्नी कपडे बदलायच्या खोलीत आला तेव्हा विल्फ कोट घालूनच बसला होता. त्याचं मनगट सुजून टम्म झालं होतं.

"काल खाणीत दुखावलं," विल्फ म्हणाला. "क्लबाच्या साहेबांना सांगून टाकलंय मी. आज तू खेळ."

"अरे, पण तो माणूस तुला बघायला आलाय."

"मग तुला बघेल. तुलाही कुणीतरी बघायला हवंच होतं, एर्नी. मी गोलामागेच उभा राहतो."

एर्नी धावत मैदानावर गेला, टाचेनं रेघ पुसू लागला. गोठलेली माती तसूभर हलेना. तोवर शिट्टी झाली.

रेघ खोटी आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण पायांना वर्षानुवर्षांची सवय. चढाई आली, नजर खाली गेली, पाय रेघेवर गेले, आणि चेंडू त्याच्या उजवीकडून आरामात आत गेला. मग त्यानं ठरवलं, रेघेकडे बघायचंच नाही. तेव्हा त्याला आपण कुठे उभे आहोत तेच कळेना. मध्यंतरानंतर गोल बदलला, तिथेही त्याचीच रेघ वाट बघत होती. सामना सुटण्याआधीच निवड करायला आलेले गृहस्थ कॉलर वर करून निघून गेले.

लोक पांगल्यावर विल्फ गोलामागून पुढे आला. त्यानं एका खांबापासून रेघेपर्यंत पावलं टाकली, मग दुसऱ्या खांबापासून टाकली.

"ही माझ्यासाठी होती ना?" त्यानं विचारलं.

विल्फनं आपला मफलर काढून घामानं भिजलेल्या मित्राच्या गळ्यात घातला आणि तो एकटाच घरी गेला.

विल्फ ही गोष्ट कुणाकडे बोलला नाही. पण मनगट बरं होऊन तो परत खेळायला उतरला, तेव्हा सगळ्या गावादेखत आधी टाच रोवून त्यानं आपली रेघ आपणच मारली.

तात्पर्य: मत्सरापायी जो मित्राला फसवायला जातो, तो हाती आलेली संधी तर घालवतोच, वर मित्राचा विश्वासही गमावून बसतो.