शेवाळाने राखलेलं पाणी

फार जुनी गोष्ट. डोंगरमाथ्यावरच्या दलदलीत इवलंसं शेवाळ, त्याच्याखालची, मेलेल्या शेवाळाच्या थरांची काळी माती आणि पाणी एकत्र नांदत होती. एकदा रानडुकराने काठ उकरला. पाणी हरखून म्हणालं, "वाट मिळाली! आता मला जाऊ द्या."

माती कळवळली. "अरे, मी म्हणजे या शेवाळाचेच वाडवडील. तुझ्या कुशीत हवा लागत नाही म्हणून कुजलो नाही. तू गेलंस, तर सुकून एका ठिणगीने जळून जाऊ."

पाणी थांबेना. तेव्हा शेवाळ पाणी पिऊन टरारून फुगलं आणि खिंडारात ठाण मांडून बसलं. प्रवाहाने ओरबाडलं, तरी हटलं नाही.

उन्हाळ्यात वणवा पेटला. सारं रान जाळत आला आणि दलदलीच्या ओल्या काठाशी विझला.

पाणी ओशाळलं. शेवाळ मात्र ताठ मानेने म्हणालं, "पायाशी वाडवडील होते आणि अंगात तू होतंस. मग आग हरणारच!"