इंगवलेसाहेबांचा परिचय

कोल्हापूरच्या इंगवलेसाहेबांना आपल्या कंपनीच्या वेबसाइटचा भारी तोरा. अंधांनाही वापरता येतील अशा वेबसाइट कशा बनवायच्या, हे त्यांच्या डिझायनरांना शिकवायला दमयंतीबाई आल्या. बाई स्वतः अंध. वेबसाइट त्यांना मोबाइल वाचून दाखवी.

"आमच्या वेबसाइटला कसलं शिक्षण?" साहेब गुरगुरले. "वर्गाच्या उद्घाटनाला माझा परिचय तिच्यावरूनच करून द्या!"

बाईंनी मोबाइलवर वेबसाइट ऐकली आणि त्यांना हसू आवरेना. उद्घाटनाला माइक घेऊन त्या म्हणाल्या, "आजचे अध्यक्ष: चित्र. चित्र. बटण. चित्र. पुन्हा बटण!"

सगळे पोट धरून हसले. साहेब लालबुंद.

"हा काय परिचय झाला?"

"साहेब, चित्रात काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, मग मोबाइल काय वाचणार?"

दुसऱ्या दिवशी साहेब वर्गात पहिल्या रांगेत. "बाई, माझ्या फोटोला 'रुबाबदार' लिहू?"

"खुशाल लिहा! मी कुठं बघायला येतेय?"