गिरणीचं चाक मोटारखान्यात

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. म्हणजे माझा जन्म व्हायला अजून वीस-बावीस वर्षं होती, पण आमचे आजोबा तिथं साखर वाटायला होते. आजोबा असले काय नि मी असलो काय, थापा मारण्यात घराणं एकच.

तर दसरा सहा दिवसांवर आला आणि वाळवंडे संस्थानाची मोटार बंद पडली!

मोटार थोरल्या महाराजांनी विलायतेहून आणलेली. तिच्या गियरमधलं एक दातेरी चाक झिजून झिजून पार बोळकं झालं होतं. दाजीबा मिस्त्री हात जोडून म्हणाला, “सरकार, मोटार बनवणारी कंपनीच बुडाली. चाकासाठी पत्र धाडलं, ते तिकिटासकट परत आलं.”

“ते आम्हाला सांगू नका,” उदाजीराव महाराज म्हणाले. “सीमोल्लंघनाला आम्ही याच मोटारीतून जाणार. आणि चाक हवं ते या मोटारीच्याच घराण्यातलं. परक्या यंत्राचा एक खिळा जरी आत गेला तर मोटारखान्याला कुलूप, आणि तुम्ही मागची खोली रिकामी करा.”

आता महाराजांना अस्सलपणाचं एवढं वेड का, तर ते स्वतः दत्तक. थोरल्या महाराजांना मूल नव्हतं, म्हणून लांबच्या शाखेतून, एका दोन खणांच्या घरातून त्यांना सातव्या वर्षी आणलेलं. भाऊबंद पाठीमागे अजून ‘आणलेलं पोर’ म्हणत. महाराजांना ते ऐकू येई, आणि ऐकू आलं नाही असं दाखवण्यात त्यांचा अर्धा दिवस जाई.

दाजीबाचा तीस वर्षांचा संसार त्या मागच्या खोलीत झालेला. तो मोटारीच्या पायरीवर बसला तो उठेचना. त्याची लेक सुंद्रा तेव्हा माहेरपणाला आली होती. लहानपणापासून बापाच्या हातात पाने-हातोड्या देत वाढलेली बाई. तिनं झिजलेलं चाक उचललं, दात मोजले.

“बाबा, आमच्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनात थेट असलंच चाक आहे. कानशीनं थोडं घासलं की बसेल.”

“बसेल गं. पण महाराज ओळखतील.”

“ओळखू देत की. आपल्याला कुठं लपवायचंय?”

ती तडक सासरी गेली. सासरे केरबा गिरणीवाले ऐकून उडालेच. “अगं, चाक काढलं तर गावानं खायचं काय?”

“चार दिवस घुगऱ्या खातील, मामंजी. तुम्ही जुनं चाक द्या, मी नवं इंजिन आणते.”

“आणि नाही आलं तर?”

“तर गावाचं दळण मी जात्यावर दळीन.”

सुनेचा आवाज केरबांना ठाऊक होता. जात्यावर बसून ती रोज पहाटे ओव्या म्हणणार, या धास्तीनं त्यांनी स्वतःच पाना हातात घेतला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी महाराज राजोपाध्यायांना घेऊन मोटारखान्यात आले. लोहाराची भट्टी धगधगत होती. घासूनपुसून लख्ख केलेलं चाक लाल कापडावर ठेवलेलं.

“सरकार, चाक मिळालं. नजरेखालून घालावं,” सुंद्रा म्हणाली.

केरबांनी ते दोन्ही हातांनी उचलून पुढं केलं. “दिलं, सरकार.”

“घेतलं,” महाराज म्हणाले. चाक चांगलं वजनदार. ते खुर्चीवर टेकले, चाक मांडीवर घेतलं, उलटंसुलटं केलं, मग संशयानं नाक जवळ नेलं. “मिस्त्री, याला पिठाचा वास येतोय.”

तेवढ्यात आमच्या आजोबांनी साखर वाटायला सुरुवात केली.

“ही साखर कशाची?”

सुंद्रा राजोपाध्यायांकडे वळली. “भटजीबुवा, दत्तक घेताना काय काय करतात हो?”

कुणी काही विचारलं की भटजी खुलत. ते बोटं मोजू लागले. “देणाऱ्यानं ‘दिलं’ म्हणायचं, घेणाऱ्यानं ‘घेतलं’ म्हणायचं. मुलाला मांडीवर घ्यायचं. त्याचं मस्तक हुंगायचं. अग्नी प्रज्वलित हवा. आणि मग साखर...” एवढं बोलून त्यांनी आधी भट्टीकडे पाहिलं, मग महाराजांच्या मांडीकडे, आणि तोंड मिटलं.

दाजीबानं डोळेच मिटून घेतले.

“म्हणजे,” महाराज सावकाश म्हणाले, “आम्ही गिरणीचं चाक दत्तक घेतलं?”

“घटकेपूर्वी ते गिरणीचं होतं, सरकार. आता चार माणसांसमक्ष ते या घराण्यातलं झालं. दत्तक आलेल्याला आधीचं घर विचारायचं की नाही, ते सरकारांनीच सांगावं. सरकार सांगतील तेच सगळ्यांना लागू.” मग तिनं हळूच जोडलं, “भाऊबंदांनासुद्धा.”

महाराज चाकाकडे बघत राहिले. बघता बघता मिशी थरथरली आणि ते असे हसत सुटले की मांडीवरचं चाक उड्या मारायला लागलं!

“मिस्त्री,” डोळे पुसत ते म्हणाले, “आमच्या चिरंजीवांना मोटारीत बसवा. जपून. आजच घरात आलेत.”

दसऱ्याला मोटार धावली. एका भाऊबंदानं खवचटपणे विचारलं, “चाक कुठून आणलंत?”

“आणलेलं नाही,” महाराज म्हणाले, “घरचंच आहे.”

दाजीबाला खोली हयातभर लिहून मिळाली. मूल देणाऱ्या घराचा मान म्हणून केरबांच्या गिरणीत नवं इंजिन आलं. सुंद्राला शालू देऊ केला, तर ती म्हणाली, शालू राहू द्या, विलायती पान्यांची पेटी द्या. तीही मिळाली.

आता शपथ घेतलीच आहे तर एक कबूल करतो. चाकाला पिठाचा वास येत होता, हे माझ्या पदरचं. केरबांच्या गिरणीत त्या आठवड्यात मिरची दळली होती. चाक पुढं करताच महाराजांना लागोपाठ अकरा शिंका आल्या, आणि ‘घेतलं’ हा शब्द त्यांनी सातव्या नि आठव्या शिंकेच्या मधे उच्चारला. पण चारचौघांत राजा शिंकतोय, हे गोष्टीत बरं दिसत नाही.