चहा निवायच्या आत

एका गावातल्या दूध संस्थेत दिगंबर नावाचा कॉम्प्युटरवाला होता. मिशी झुपकेदार, फुशारकी त्याहून झुपकेदार. एकदा टँकरवाला सर्जेराव त्याला म्हणाला, "बायकांच्या कॉम्प्युटर क्लासचं मशीन चहा निवायच्या आत चालू करून दाव. नाय जमलं तर मिशी काढायची." शहाणा माणूस गप चहा प्यायला असता. दिगंबरनं पैज घेतली.

आता संस्थेत खरा कॉम्प्युटर एकच, दणकट. त्याच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर, म्हणजे नुसत्या प्रोग्रामनं उभा केलेला, आधीपासून होता, तो दुधाची टाकी गार ठेवायचा. त्याच्याच शेजारी क्लाससाठी दुसरा खोटा बसवायचा होता. खऱ्याला वायरीनं जोडलेली कुठली वस्तू कुठल्या खोट्यानं वापरायची, हे एकेक नेमून द्यावं लागतं. लई किचकट काम. दिगंबरनं सरळ ठरवलं, सगळ्यांना सगळं. आपलीच तर माणसं. चहाची वाफ जिरायच्या आत मशीन चालू, मिशी शाबूत.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये गुलशनभाभी आपला पेनड्राइव्ह शोधत होत्या. स्क्रीनवर जोडलेल्या वस्तूंची चार नावं दिसली. त्यांनी एकावर बोट ठेवलं. ते नाव टाकीच्या कॉम्प्रेसरला हुकूम देणाऱ्या, वायरीनं जोडलेल्या डब्याचं होतं. डबा दुधाच्या मशीनच्या हातून सुटला आणि क्लासच्या मशीननं धरला. कॉम्प्रेसर थांबला.

टाकीत अख्ख्या गावाचं दूध. तापमानाचा काटा वर चढायला लागला. फिटर घामेघूम, चेअरमन येरझाऱ्या घालतायत. काय झालंय ते दिगंबरला बघताक्षणी कळलं होतं. त्यानं डबा क्लासकडनं काढून घेतला. कॉम्प्रेसर घुरघुरला. दूध वाचलं.

"हे केलं कुणी?" चेअरमननी विचारलं.

डबा क्लासच्या स्क्रीनवर भाभींच्या बोटाखाली सापडला होता. सगळ्यांनी भाभींकडं पाहिलं. दिगंबरनं मिशीला हात लावला आणि जमिनीकडं पाहिलं.

"यांचं नाव क्लासातनं काढा," चेअरमन म्हणाले.

"माझ्याच हातनं झालं असेल," भाभी हळूच म्हणाल्या आणि पिशवी उचलून दाराकडं निघाल्या.

त्या उंबऱ्याशी पोचल्या तेव्हा दिगंबर पुढं आला.

"भाभी, थांबा. साहेब, त्यांनी नुसतं बोट लावलं. दार मी उघडं टाकलं होतं. चहा निवायच्या आत."

तात्पर्य: आपल्या माणसालाही त्याच्या कामापुरतीच किल्ली द्यावी, आणि दार आपणच उघडं टाकलं असेल, तर आत आलेल्याला चोर ठरवू देऊ नये.